टाकीवरचं मोहोळ

कस्तुराने वाळलेला गोंडा तळहातावर चोळला आणि हलकेच फुंकर मारली. भुसा उडाला. हातावर सात दाणे राहिले. तिने दुसरा चोळला, त्यात पाच निघाले. तिसऱ्यात तेवढेही नव्हते.

कांद्याचं बी धरायचं म्हणजे आधी चांगले निवडलेले कांदे कार्तिकात पुन्हा मातीत लावायचे. त्यांना कमरेएवढे दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो. तो गोंडा. एका भरल्या गोंड्यात तीन-चारशे दाणे असतात, काळेभोर, टोकदार, तिळाएवढे. कस्तुराच्या सासरचं बी एके काळी चाकणच्या बाजारात नाव सांगून विकलं जायचं. आणि आता हे तिसरं वर्ष होतं की गोंडे वरून डेरेदार दिसत होते आणि आत नुसता भुसा.

सावरदरीच्या शिवारात तसं शिवार म्हणावं असं फारसं उरलेलं नव्हतं. भाऊबंदांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, कस्तुराच्या नवऱ्याच्या, बाळाजींच्याही गेल्या. ओढ्याकडेचा वीस गुंठ्यांचा एक तिरका तुकडा तेवढा कोणाच्या नकाशात नीट बसला नाही म्हणून राहिला. पश्चिमेला रबरी पाइप बनवणाऱ्या कंपनीची भिंत, पूर्वेला गोदामाची भिंत, मध्ये कस्तुराचे डेंगळे, म्हणजे बियासाठी लावलेल्या कांद्यांचे दांडे. बाळाजींना जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा धनेश चाकणच्याच एका कंपनीत क्वालिटीला होता, पण सून स्वप्नालीची नोकरी वाकडला, म्हणून बिऱ्हाड थेरगावला. दर रविवारी तो आईकडे यायचा.

त्या रविवारी त्याने तिच्या हातावरचे दाणे पाहिले आणि बांधावर बसला.

"आई, सगळं करून झालं ना? कांदे बदलले, दुकानदार म्हणाला ते टॉनिक मारलं, फवारणीला माणूस लावला. जमीन थकलीय. कंटेनर उभे करायला जागा मागतायत लोक. देऊन टाकू."

"येक वरीस," कस्तुरा म्हणाली.

"मागच्या वर्षीपण तू हेच म्हणालीस."

"मग ह्या वर्षीबी म्हनते. येकच."

धनेश हसला, पण ते हसणं दमलेलं होतं. "एकच. मग माझं ऐकायचं."

तो गेल्यावर ती भिंतीच्या सावलीला बसून राहिली. हातात चौथा गोंडा होता, न चोळलेला. त्याच्याकडे बघता बघता तिला एकदम वाटलं, हे आपण पाहिलेलं आहे. असाच डेरेदार गोंडा, असाच आतून रिकामा. या तीन वर्षांतला नव्हे, फार जुना. कधी बरं? आणि मग तिला आठवला तो धोतराचा फडका.

कस्तुरा तळेगाव दाभाड्याची. वडलांचं स्टेशनजवळ सायकलचं दुकान, त्यामुळे शेत तिने गाडीच्या खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच पाहिलेलं. लग्न होऊन आली तो पहिला माघ. सासू तानाबाई तिला सकाळी शेतावर घेऊन आली. समोर सगळं पांढरं झालेलं, आणि त्या पांढऱ्यावरून एक आवाज उठत होता. कोणीतरी दूर कुठे जातं ओढतंय आणि थांबतच नाही, असा. जवळ गेल्यावर दिसलं, प्रत्येक गोंड्यावर माश्या. लहान, मोठ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. कस्तुरा जागच्या जागी थबकली.

"आत्याबाई, मी न्हाई येनार आत."

"काय करत न्हाईत त्या."

"चावत्याल की! धूर करून हाकलून लावू या ना."

तानाबाई जवळच्या सरीकडे वळली. उंच, वाळकी बाई, रागावली तरी आवाज चढत नसे. तिने कनवटीला खोचलेला धोतराचा जुना फडका काढला, अजून न उमललेला एक गोंडा बघून त्याला तो पिशवीसारखा बांधला, खाली सुतळीने गाठ मारली. "हितं माशी येनार न्हाई," ती म्हणाली. "ह्यो गोंडा तुझा. बाकीचं माजं."

चैत्रात गोंडे काढायला आले तेव्हा तानाबाईने सुनेला बोलावलं. फडका सोडला, गोंडा तिच्याच हातावर ठेवून चोळायला लावला. भुसा. दोन दाणे की तीन. मग शेजारच्या दांड्याचा उघडा गोंडा चोळायला लावला. कस्तुराची ओंजळ काळी झाली.

"कळलं?" तानाबाई म्हणाली. "कांदा आपुन लावतो, पानी आपुन देतो. पर दाना भरनं आपल्या हातात न्हाई. ते त्यांच्या हातात."

त्यानंतरच्या माघात कस्तुरा माश्यांतून चालायला शिकली. हात हलवायचे नाहीत, फुंकर मारायची नाही, डोक्याला वासाचं तेल लावून जायचं नाही, आणि घाई तर अजिबात नाही. केसांवर बसली तर बसू द्यायची. पुढे पुढे तिला तो आवाज इतका सवयीचा झाला, की दुपारी भाकरी खाऊन ती डेंगळ्यांच्या कडेला पदर अंथरून त्या आवाजातच डुलकी काढायची. बाळाजी तिची थट्टा करायचे, "हिला अंगाई गायला हजार आया हायेत." सारा माघ महिना तिच्या अंगाला कांद्याच्या फुलांचा वास येत राहायचा. मूल व्हायच्या आधीचे ते दिवस. आता आठवले की ऊनसुद्धा वेगळं होतं असं वाटे.

पण तानाबाई फक्त कांदे लावून थांबत नसे. डेंगळ्यांच्या चारी कडांना ती कोथिंबीर आणि शेपू टाकायची, आणि त्यातली एक काडीही खुडू द्यायची नाही. फुलायला सोडायची. त्या फुलांवर बारीक माश्या आणि लाल ठिपक्यांचे किडे जमत, आणि ते किडे कांद्यावरचा मावा खात. पलीकडे कुंपण. कुंपण म्हणजे तार नव्हे. करंज, बोर, शेवगा, रुई, घाणेरी, मध्येच एखादा निवडुंग, सगळ्यावरून चढलेली गुळवेल. पावसाळा सरता सरता बोरीला फूल, मग शेवगा, उन्हाळ्यात करंज, रुई तर बारमाही. कस्तुराने एकदा विचारलं होतं, एवढी जागा कुंपणात घालवण्यापेक्षा दोन सऱ्या जास्त निघतील की.

"आन मग माघ सरल्यावर माश्यांनी खायाचं काय?" तानाबाई म्हणाली होती. "महिनाभर जेवायला घालून वरीसभर उपाशी ठिवलं, तर कोन ऱ्हाईल आपल्या दारात?"

भिंतीच्या सावलीत बसलेल्या कस्तुराने मान वर केली. तिच्या शेताच्या चारी बाजूंना चकचकीत जाळीची तार होती. ती तिनेच लावून घेतली होती. बाळाजी गेले त्या वर्षी कुंपणात आजूबाजूचं प्लॅस्टिक, थर्माकोल, चहाचे कप अडकून अडकून उकिरडा झाला होता, आणि एकटीने रोज तो वेचायचं तिला बळ नव्हतं. जेसीबी बोलावला. चाळीस वर्षांचं कुंपण दीड तासात निघालं. धनेश तर तेव्हा म्हणत होता, राहू दे गं, थोडी सावली आहे. तिनेच ऐकलं नाही. कोथिंबिरीची कड त्याच्याही आधी बंद झाली होती. आणि फवारणीवाला मोटरचा पंप घेऊन यायचा तो सकाळी नऊला, बरोबर फुलं उमलायच्या वेळेला.

सगळ्या शेतालाच आपण फडका बांधला, तिला वाटलं. तिने चौथा गोंडा चोळलाच नाही. तो तसाच भुईवर ठेवला आणि उठली.

कार्तिकात तिने पुन्हा कांदे लावले. घरच्या कांदाचाळीतले, तळहातभर, एकसारख्या रंगाचे. चारी कडांना धने रगडून टाकले, मध्ये मध्ये शेपू. फवारणीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. दांड्यांवर मावा दिसायला लागला तेव्हा तिचा जीव खालीवर झाला. दोनदा त्याचा नंबर लावायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. पुढे कोथिंबीर फुलली आणि तिच्यावर ते लाल ठिपक्यांचे किडे दिसायला लागले. एवढी वर्षं कुठे होते कोण जाणे. मावा संपला नाही, पण वाढलाही नाही.

माघ लागला. शेत पांढरं झालं. कस्तुरा रोज सकाळी जाऊन उभी राहायची आणि कान द्यायची. गोदामातल्या गाड्यांचे मागे येतानाचे भोंगे, कंपनीतला प्रेसचा धप धप आवाज, त्याच्या पलीकडे काही नाही. फुलांवर घरमाश्या होत्या, कुठे एखादी बारकी मधमाशी. पहिले पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी तिसऱ्या सरीत, एका गोंड्यावर तिला मोठी माशी दिसली. लांबोडी, मागचा भाग सोनेरी-काळा. मग आणखी एक. मग तिसरी.

"आग्या," ती स्वतःशीच म्हणाली.

तीन माश्यांनी वीस गुंठे होत नाहीत. पण तीन आहेत म्हणजे त्यांचं घर कुठेतरी आहे, आणि घरी तीनच नसणार. मोहोळ शोधायचंही तानाबाईनेच शिकवलं होतं. भरलेली माशी वाकडीतिकडी जात नाही, सरळ घरची वाट धरते. दुपार कलली की सावलीत उभं राहून उन्हाच्या तोंडाला बघायचं, पंख चमकतात. कस्तुराने चार वाजता गोदामाच्या भिंतीला पाठ लावली, डोळ्यांवर पदराची सावली धरली आणि पश्चिमेकडे डोळे किलकिले करून पाहिलं. गोंड्यावरून उठलेली माशी एक गिरकी घेऊन चमकली आणि कंपनीच्या भिंतीवरून सरळ निघून गेली. दुसरीही तशीच. दुसऱ्या दिवशी तिने शेताच्या वरच्या टोकाला उभं राहून पाहिलं, मग खालच्या टोकाला. दोन्हीकडून जाणाऱ्या वाटा एकाच ठिकाणी मिळत होत्या. कंपनीची पाण्याची उंच टाकी.

टाकीच्या तळाला, सिमेंटच्या कडेखाली, सुपाएवढं काळं काहीतरी लटकत होतं.

ती तशीच रस्त्याने वळसा घालून कंपनीच्या गेटवर गेली. गेटवर उद्धवराव होते, परभणीकडचे, पन्नाशी उलटलेले वॉचमन. येता-जाता रामराम घालण्याइतकी ओळख होती.

"भाऊ, टाकीवर मोहळ हाय ना?"

"हाव ना ताई. लई मोठं झालंय. दोन आठवड्याखाली आलं." उद्धवरावांनी आवाज खाली आणला. "शनिवारी जाळायला येणार हायत. परवा एका माणसाला सात ठिकाणी डसल्या. तोंड असं सुजलं त्याचं. दवाखान्यात नेलं."

कस्तुराने गेटचा गज धरला. "तो मानूस टाकीखाली काय करत हुता?"

उद्धवरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "बिडी ओढत होता. सगळेच ओढतेत तिथं. कॅमेरा नाही ना त्या बाजूला."

"मला तुमच्या सायबाला भेटायचंय."

साहेब नव्हते, मॅडम होत्या. विजयश्री, कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर, तिशीतल्या, डोक्यावर पांढरं हेल्मेट. त्यांनी कस्तुराला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचं म्हणणं मला पटतं. पण माझ्याकडे एका शिफ्टला दीडशे माणसं आहेत. उद्या कुणाला जास्त झालं तर जबाबदार मी."

"बरुबर हाय तुमचं," कस्तुरा म्हणाली. "पर त्या आपणहून न्हाई आल्या अंगावर. धूर गेला त्यांच्या घरात. आपल्या घरात कुनी धूर केला तर आपुन काय करू?"

"हे कायमचं कसं चालेल?"

"कायमचं कुठं? ते मोहळ पाव्हनं असतंय, बाई. फुलापायी येतंय, फूल सरलं की जातंय. चैत्रात हितं येक माशी दिसनार न्हाई तुमाला. मी दोन महिनं मागते, जास्त न्हाई." मग तिने तो धोतराचा फडका सांगितला. तानाबाईने गोंडा कसा बांधला, चैत्रात तो कसा चोळायला लावला, उघड्या गोंड्याने ओंजळ कशी काळी झाली. सांगता सांगता तिने टेबलावर हाताची ओंजळ केली होती. ते लक्षात आल्यावर तिने हात मागे घेतले.

विजयश्रींनी तिच्या हातांकडे पाहिलं. "आमचं आटपाडीला डाळिंब आहे," त्या म्हणाल्या. "एका वर्षी वडलांनी बागेत माश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या. आम्ही पोरं लांबून बघायचो. त्या साली फळांनी फांद्या वाकल्या." त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. "बघते. शब्द देत नाही."

शनिवारी कोणी जाळायला आलं नाही. टाकीभोवती पिवळी पट्टी बांधली गेली, कॅन्टीनची वाट पलीकडून वळवली, रात्री माश्या उजेडाला येऊ नयेत म्हणून टाकीखालचा मोठा दिवा बंद झाला. बिडी ओढताना कोणी दिसलं तर नाव लिहून घ्यायचं काम उद्धवरावांकडे आलं, आणि ते त्यांनी फार मनावर घेतलं. एक अट मात्र विजयश्रींनी स्वतः शेतावर येऊन सांगितली. पुन्हा कुणाला चावल्या तर त्याच दिवशी मोहोळ काढणार.

आणि आवाज परत आला. दोन-चार दिवसांत कस्तुराच्या शेतात प्रत्येक गोंड्यावर माशी. पहिल्या दिवशी ती बांधावरच उभी राहिली. मग तिने चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि सरीत शिरली. हात हलवायचे नाहीत, घाई करायची नाही. अंगाला सगळं आठवत होतं. मध्यावर पोचल्यावर ती थांबली आणि डोळे मिटले. कंपनीच्या प्रेसचा आवाज होताच, पण आता त्याच्या वर हा दुसरा, अखंड, जात्यासारखा. बाळाजी बांधावरून काहीतरी थट्टा करतील असं क्षणभर तिला इतकं खरं वाटलं, की तिने वळून पाहिलं. बांधावर कोणी नव्हतं. तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. बराच वेळ ती तिथेच उभी राहिली.

फुलं पंधरा दिवसांची झाली असतील, तेव्हा ते घडलं. टाकी धुवायचं काम घेतलेली बाहेरची दोन माणसं आली. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. उद्धवराव दुसऱ्या गेटला गेले होते. त्या दोघांनी शिडी लावली, कॉम्प्रेसर सुरू केला. टाकी थरथरली. उद्धवराव धावत येऊन ओरडेपर्यंत मोहोळ उठलं होतं. ती दोघं शिडीवरून उड्या टाकून पंपाच्या खोलीत शिरली, उद्धवरावांनीही आत शिरून दार लावलं, फोन करून कंपनीत सगळ्यांना दारं-खिडक्या बंद करायला लावल्या. माश्यांना समोर कोणी सापडलं नाही. मग ते काळं वादळ भिंतीवरून इकडे आलं.

कस्तुरा निंदत होती. तिने वर पाहिलं, खुरपं टाकलं आणि पळाली नाही. दोन सऱ्यांच्या मध्ये पालथी पडली, लुगडं डोक्यावरून ओढून अंगाखाली दाबलं आणि श्वास बारीक केला. मातीचा ओला वास, कानाशी गर्जना. मानेवर एक बसली, मग दंडावर, मग भुवईवर. तिने दात आवळले. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू आवाज पातळ झाला.

संध्याकाळी विजयश्री मलम घेऊन शेतावर आल्या. कस्तुराचा एक डोळा पूर्ण मिटला होता.

"मावशी, हे मला वर लिहून द्यावं लागतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जड होता.

"लिवा की," कस्तुरा म्हणाली. "कंपनीच्या भायेर, सवताच्या शेतात, सवताच्या चुकीनं. तुमच्या कुनाला न्हाई ना चावल्या?"

"नाही."

"मग अट मोडली न्हाई."

विजयश्रींना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. तिच्या भुवईतला काटा त्यांनी नखाने काढला, मलम लावलं आणि टाकी धुणं एप्रिलपर्यंत पुढे ढकलून टाकलं.

रविवारी धनेश आला तेव्हा सूज उतरली होती, पण डोळ्याखाली काळं-निळं होतं. त्याने आधी आरडाओरडा केला, मग स्वप्नालीला फोन लावला, मग तोही बंद केला. "आई, कशासाठी हे सगळं? तुला काय कमी आहे?"

कस्तुराने त्याचा हात धरून त्याला सरीच्या तोंडाशी नेलं. "ऐक."

तो उभा राहिला. आधी चुळबुळ करत, मग स्तब्ध. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी लहान असताना असंच वाजायचं ना गं? मला वाटायचं कुठेतरी विजेची डीपी आहे."

"तुझ्या आज्जीनं तुला टोपल्यात घालून हितंच झोपवलंय."

तो सरीत चार पावलं आत गेला. जाताना बुटांत माती घेऊन गेला.

चैत्राच्या तोंडाशी गोंडे वाळून फुटायला लागले, आत काळं दिसायला लागलं. पहाटेच्या दवात, दाणे गळू नयेत म्हणून, ते खुडायचे असतात. धनेशने रजा टाकली. स्वप्नालीही आली, आयुष्यात पहिल्यांदा विळा धरून. अंगणात ताडपत्रीवर गोंडे वाळवले, काठीने झोडपले, सुपाने पाखडले. भिंतीकडच्या, टाकीच्या बाजूच्या निम्म्या शेतातले गोंडे ठासून भरले होते. गोदामाकडचे अर्धे-मुर्धे होते, तिकडे सकाळी उशिरापर्यंत सावली असते आणि माशी थोडीच थांबते. तानाबाईच्या वेळी एवढ्याच तुकड्यात क्विंटलभर बी निघायचं. काट्यावर बासष्ट किलो भरलं. मागच्या वर्षी नऊ भरलं होतं.

स्वप्नालीने दोन्ही हात बियांच्या ढिगात कोपरापर्यंत घातले. "आई, किती गार लागतंय हो!"

धनेशने पोत्याचं तोंड शिवलं. सुई खोचून ठेवत म्हणाला, "कंटेनरवाल्यांना मी सध्या नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"बघू," कस्तुरा म्हणाली.  त्याचं मन तिला ठाऊक होतं. एकदा जास्त बोललं की तो मागे सरतो.

त्यानंतर आठवडाभरात, सकाळी अकराच्या सुमाराला, उद्धवरावांनी भिंतीवरून हाक मारली. ती गेटवर जाईपर्यंत टाकीखालून मोहोळ सुटलं होतं. या वेळी गर्जना नव्हती. एक लांबट ढग उठला, टाकीभोवती दोनदा फिरला आणि भामचंद्राच्या डोंगराच्या दिशेने निघून गेला. विजयश्रीही बाहेर येऊन हाताची सावली डोळ्यांवर धरून बघत होत्या. 

"शब्दाला पक्क्या हायत," उद्धवराव म्हणाले.

दुपारी त्यांनीच शिडीवर चढून रिकामं पोळं कापून आणलं. मेण हलकं, पापडासारखं, पण एका कोपऱ्यात बोटभर मध राहून गेला होता. उद्धवरावांनी तो तुकडा मोडून तिघांत वाटला. स्वतःच्यातला थोडा तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"ताई, हे काय हो? मधाला कांद्याचा वास येतोय!"

विजयश्रींनी चाटून पाहिलं आणि खळखळून हसल्या. "खरंच की!"

कस्तुराने बोट तोंडात घातलं. गोड, जरासा उग्र, आणि मागून तोच वास, माघातला. उद्धवराव पाण्याची बाटली शोधत होते. तिने त्यांच्या तळहातावरचा उरलेला तुकडाही मागून घेतला.